खाडी आणि मनोरा

सागरी सफरीस निघणाऱ्या कुटुंबांना अलीकडे दुबईत एक दिवसाचा मुक्काम घडतो. जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून सुज्ञ प्रवासी आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचतात. हा मोकळा दिवस बहुतेकांचा आरशासारख्या दुकानांत सरतो. सांगलीच्या एका हळद व्यापारी कुटुंबाने तो निराळ्या रीतीने घालविला.

कुटुंबात चौघे होते. पेढीचे कर्ते अण्णा, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि सून. निघण्यापूर्वी सुनेने एक काम चोख केले होते. मसाल्याच्या डब्यातून खसखस काढून टाकली होती. आपल्या स्वयंपाकघरातील हा साधा जिन्नस त्या देशात निषिद्ध आहे आणि अजाणतेपणाची सबब तेथे चालत नाही. सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाचीही तिने चिठ्ठीसह खात्री करून घेतली होती. जहाज फिरून दुबईलाच परतणार असल्याने एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसाही तिनेच पाहून घेतला होता.

पिता-पुत्रांत मात्र एक विषय न बोलता सोबत आला होता. मुलाला शीतगृह बांधावयाचे होते, त्यासाठी बँकेचे कर्ज हवे होते. आजोबांच्या काळी माल हरिपूरच्या पेवांत राहत असे. महापुरांनी त्यांतील बरीचशी पेवे निकामी केली. भाड्याच्या गोदामात हळदीचा रंग उतरतो, कीड लागते, हे अण्णांनाही ठाऊक होते. तरीही, "तीन पिढ्यांत पेढीवर कर्ज नाही," या वाक्यापाशी प्रत्येक चर्चा संपत असे.

सकाळी मंडळी अल फहिदी या जुन्या वस्तीत गेली. अरुंद गल्ल्या, मातकट भिंती आणि छपरावर चौकोनी वातमनोरे. चारही दिशांचा वारा पकडून खालच्या दालनात सोडण्याची ही युक्ती इराणहून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणी किनाऱ्यावर जकात वाढली आणि दुबईच्या शासकाने ती माफ केली. तेव्हा व्यापारी पेढ्यांसह इकडे आले. "जकात वाढली की व्यापारी उठतो, हे आपल्याकडचेच," अण्णा म्हणाले.

तेथून एक दिर्हम देऊन लाकडी नावेने, जिला तेथे अब्रा म्हणतात, त्यांनी खाडी ओलांडली. पलीकडे देराच्या धक्क्यावर लाकडी गलबते ओळीने उभी होती. पोती, टायर, शीतपेट्या यांचे ढीग उघड्यावर पडले होते. मसाल्यांच्या बाजारात अण्णांचे पाय आपोआप थांबले. गोणीतील हळद चिमटीत घेऊन त्यांनी तळव्यावर चोळली, वास घेतला. मग कितीतरी वेळ ते दुकानदाराशी हिंदीत भाव बोलत राहिले. येथे आलेला बराचसा माल पुढे तिसऱ्याच देशांत जातो. दुबईची खरी शेती ती हीच.

मुलाने या खाडीची कथा वाचून ठेवली होती. १९३०च्या दशकात जपानी कृत्रिम मोत्यांनी आखातातील मोत्यांचा धंदा बुडविला. पुढे खाडीत गाळ साचू लागला, मोठी गलबते आत येईनात. शेजारच्या शारजाची खाडीही अशीच भरत चालली होती. १९५८ साली सत्तेवर आलेल्या शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून खाडी खोल करविली. तेल सापडले ते नंतर, १९६६ साली. म्हणजे कर्ज तेलाच्या भरवशावर नव्हते, व्यापाराच्या भरवशावर होते. गाळ निघाला आणि शारजाचा माल दुबईत उतरू लागला.

अण्णांनी ऐकले, पण उत्तर दिले नाही. त्यांनी आपली आठवण काढली. "त्या काळी येथे आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे रिझर्व्ह बँकेला १९५९ साली आखातासाठी निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर पावणेपाचाचा साडेसातांवर गेला. ज्यांची शिल्लक रुपयांत होती, ते हात चोळत बसले. आजोबा सांगत, कर्ज नसलेला माणूसही बुडू शकतो."

हे वाक्य आपण कोणत्या बाजूने बोललो, हे त्यांचे त्यांनाच नंतर जाणवले असावे.

सोन्याच्या बाजारात सासूबाईंनी पाहिले पुष्कळ, घेतले काहीच नाही. दागिने विनाशुल्क आणण्याची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांना आहे, चार दिवसांच्या प्रवाशाला नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुपारनंतर मेट्रोने मंडळी बुर्ज खलिफापाशी आली. सासूबाईंचा चौविहार असल्याने दशम्या, खाखरे आणि फळे यांचे जेवण पाच वाजताच खाली उरकले. मग ८२८ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याच्या १२४व्या मजल्यावर ती चढली. खाली दिवे लागू लागले, तरी वर सूर्यबिंब क्षितिजावर होतेच. मुलाने सांगितले, की येथील धर्मखात्याने २०११ साली रमजानसाठी निर्णय दिला होता. ८०व्या मजल्यावरच्यांनी उपवास सोडण्यास दोन मिनिटे अधिक थांबावे, १५०च्या वर तीन मिनिटे. सासूबाई हसल्या. "म्हणजे नियम पाळणाऱ्याला उंचीचाही हिशेब ठेवावा लागतो."

"आणि ह्या मनोऱ्याचा हिशेब?" अण्णांनी विचारले.

मुलाने तोही लपविला नाही. २००९च्या नोव्हेंबरात दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने धनकोंकडे परतफेडीसाठी सहा महिन्यांची मुदत मागितली. जगभरचे बाजार हादरले. डिसेंबरात अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले, आणि ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटनाच्या वेळी 'बुर्ज दुबई'चे नाव अबू धाबीच्या शासकांवरून 'बुर्ज खलिफा' झाले.

अण्णा काचेशी बराच वेळ उभे होते. दूर खाडीची वळणदार रेघ अजून दिसत होती.

"एकाच गावाने दोनदा कर्ज काढले," ते सावकाश म्हणाले. "एका कर्जाने पाणी खोल केले. माल आला, मालातून हप्ता फिटला. दुसऱ्याने उंची वाढविली; ती भरायला गिऱ्हाईक यायचे होते. तुझे शीतगृह यातले कोणते?"

मुलाने क्षणभर विचार केला. "पहिली दोन वर्षे आपलाच माल साठवू, अण्णा. भाड्याच्या गोदामाला आज जे देतो, त्यातून निम्म्याहून अधिक हप्ता निघतो. उरलेला भाव पडलेल्या वर्षी कसा भरायचा, ते मात्र मी अजून मांडलेले नाही."

"मग ते मांड. जहाजावर तीन दिवस आहेत. भाव पडलेल्या वर्षाचाच आकडा आधी दाखव, चढलेल्या वर्षाचा नको."

दुसऱ्या दिवशी सायंकाळी जहाजाने रशीद बंदर सोडले. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची व्यवस्था सुनेने आधीच कळवून ठेवली होती. जेवण आटोपल्यावर इतर प्रवासी छायाचित्रे काढीत असता पिता-पुत्र एका कोपऱ्यातील मेजाशी वही उघडून बसले होते. अण्णांनी सही केली नव्हती. पण तीन पिढ्यांचे ते वाक्यही त्यांनी पुन्हा उच्चारले नाही.