तीन दरवाजाची भित्री

वाचकहो, आधीच कबूल करून टाकतो की मला कुत्र्यांची भीती वाटते. सात-आठ वर्षांचा असताना एक कुत्रे माझ्या पोटरीला चावले आणि त्यापायी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. आजच्या मुलांना हा आकडा थापच वाटतो. पण त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस मिळे आणि ती रोज एक याप्रमाणे बेंबीभोवती टोचीत. ती लस आपल्याकडे कधीच बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचण्या घेतल्या की भागते. (जाता जाता सांगून ठेवतो : कुत्रे चावले, अगदी नुसते ओरखडले तरी, हळद-चुना असले काही न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल तर डॉक्टर आणखीही एक औषध टोचतात, त्यालाही नाही म्हणू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मग डॉक्टरांच्याही हातात काही राहत नाही.)

तेव्हापासून साठ वर्षे मी समोर कुत्रे दिसले की रस्त्याची बाजू बदलीत आलो आहे. अशा माणसाने दर रविवारी पन्हाळ्याहून एस. टी. ने खाली उतरावे आणि कोल्हापूरच्या बाजूला असलेल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात, एका पिंजऱ्यासमोर तासभर बसावे, हे आमच्या सौभाग्यवतींना पटत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही पटत नव्हते. पण त्याला कारण होते.

गडावर तीन दरवाजापाशी झुणका-भाकरीवाल्या बायका बसतात, हे पन्हाळा पाहिलेल्यांना सांगायला नको. प्रवासी तिथे दोन भाकऱ्या मागतात, दीड खातात आणि उरलेल्या अर्धीवर तिथल्या कुत्र्यांचा संसार चालतो. बहुतेक कुत्री या धंद्यात मुरलेली. शेपूट हलवणे, मान वाकडी करणे, पोराबाळांच्या पायाशी लोळण घेणे हे सगळे त्यांना येते. एक तांबूस रंगाची कुत्री मात्र अंधारबावीच्या आडोशाला उभी असे. तिच्या कानाचा कोपरा कातरलेला होता. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण. म्हणजे एकदा तिला माणसांनी धरले होते, टोचले होते, कापले होते आणि पुन्हा आणून सोडले होते. तिच्या भल्यासाठीच, पण ते तिला कोण सांगणार?

"हिच्यासाठी हात उचलला की पळतीया बघा, गुरुजी," तिथली एक मावशी मला म्हणाली होती. "धोंडा काय नि भाकर काय, हिला सारखंच."

नामदेवांची गोष्ट आपण सारे लहानपणापासून ऐकतो. कुत्रे कोरडी भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मी ती वर्गात तीसएक वर्षे सांगितली, आणि मुले ऐकताना शांत होत म्हणून आवडीने सांगितली. पण त्या कुत्र्याला काय वाटले असेल हा प्रश्न मला कधी पडला नाही. मागून धावत येणाऱ्या माणसाच्या हातात तुपाची वाटी असते, असा कुत्र्यांचा अनुभव नाही.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ही कुत्री आमच्या गल्लीत आली होती. कदाचित तळणाच्या वासाने आली असेल. समोरच्या जीपखाली ती अंग चोरून बसली होती, हे मी पाहिले होते. माझा नातू सुट्टीला आलेला. फटाक्यांची माळ मीच आणली होती आणि उदबत्ती पेटवूनही मीच त्याच्या हातात दिली. माणसाच्या कानाला वीस हजार कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही वरचा. आपल्या कानठळ्या बसवणारा आवाज त्याच्या कानात काय करीत असेल कोण जाणे. माळ लागली तशी ती जीपखालून सुटली ती थेट रस्त्यावर आणि सुट्टीची गडावर आलेली एक मोटार तिच्या मागच्या पायावरून गेली. मोटारवाल्याचा काही दोष नव्हता.

गल्लीतल्या दोन पोरांनी तिला पोत्यात घालून रात्रीच कोल्हापूरला नेली. मी काय केले? दहा पावलांवर उभे राहून बॅटरी धरली. त्याहून जवळ जाण्याचे धैर्य मला झाले नाही.

पाय काढावा लागला. एरवी नसबंदी झालेले, लस टोचलेले कुत्रे मूळ जागी परत सोडतात. २०२५ च्या ऑगस्टात यावरून देशभर केवढे रण माजले होते ते वाचकांना आठवतच असेल. सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्लीकडची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली आणि २२ तारखेला तो आदेश बदलून, पिसाळलेली व चावरी सोडून बाकीची टोचून जागच्या जागी परत सोडा, असे म्हटले. आमच्या कट्ट्यावर तेव्हा दोन तट पडले होते. चावा खाल्लेला माणूस म्हणून मला दोन्हीकडून बोलावणे होते. मी घरी बसलो. वाद काही नवा नाही म्हणा. १८३२ साली मुंबईत सरकारने कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावून कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली होती, आणि दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला.

आमच्या कुत्रीला मात्र परत सोडणे नव्हते. तीन पायांनी, मोटारींच्या गडावर, ती किती दिवस निभावणार? डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. म्हणजे कुणी घरी नेईल तोवर निवारा. राहण्याचे ठिकाण म्हणून मी तीन दरवाजा सांगितले, ते वहीत नावाच्या रकान्यात पडले आणि तेच तिचे नाव झाले. पायांच्या हिशेबाने ठेवले असे येणाऱ्यांना वाटते.

येणाऱ्यांची तऱ्हा पाहण्यासारखी असते. रविवारी लोक सहकुटुंब येतात. पिल्ले आधी जातात. मग जाळीशी येऊन हात चाटणारी. 'तीन दरवाजा' भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसलेली. तिची पाठ तेवढी दिसे. एके काळी मुलगी दाखवताना खाली मान घालून बसलेली मुलगी लोक सुशील समजत. इथे उलटा कारभार. "ही आजारी आहे का हो?" असे विचारून लोक पुढे सरकत. आजारी नव्हती. खात होती, पण रात्री, कुणी नसताना.

तिथे काम करणारी एक मुलगी आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची, पण तिने मलाच विद्यार्थी केले. "आजोबा, समोर नका बसू, कुशीवर वळून बसा. डोळ्याला डोळा देऊ नका. वरून हात नेऊ नका. काही करू नका, नुसते बसा. बोललात तर हळू बोला." तीस वर्षे मुलांना 'माझ्याकडे बघा' असे ओरडण्यात घालवलेल्या मास्तराला हे जड जाते. काही बोलायचे म्हणून मी मोरोपंत नेले. पंत आमच्या पन्हाळ्याचेच, १७२९ सालचा जन्म त्यांचा. म्हटले गाववाला आहे, ऐकेल. 'केकावली' सुरू केली तशी ती आणखीच भिंतीला चिकटली. माझ्या आवाजात वर्ग शिरला असावा. पुढच्या रविवारी वर्तमानपत्रातले गुळाचे बाजारभाव वाचले. अर्ध्या तासाने ती झोपली. मी स्वतः अनेक वर्षे त्याच मजकुराने झोपत आलो आहे.

आठव्या-नवव्या रविवारी ती मी असताना जेवली. पावसाळ्याच्या तोंडी एकदा वळून बसली. आणि श्रावणात, मी गुळाच्या आवकेपर्यंत आलो असताना, उठली, तीन पायांवर तोल सावरीत आली आणि दारातल्या माझ्या चपलेचा वास घेतला. माझ्या पोटात चौदा ठिकाणी कळ आली. मी हललो नाही. धैर्याने नव्हे. पायच उचलेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक जोडपे तिला घेऊन गेले. चांगली माणसे होती. चौथ्या दिवशी परत घेऊन आली. ती पलंगाखाली शिरली ती बाहेर आलीच नाही, खाईना, पिईना. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. तीन दिवसांत काही व्हायचे नसते, तीन महिने लागतात, असे त्या मुलीने त्यांना समजावून पाहिले. पण दोघेही नोकरीवाली. ती परत आली हे ऐकून मला बरे वाटले. एस. टी. त बसल्यावर या बरे वाटण्याची लाज वाटली. कुत्री पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मी खूष होतो.

पुढच्या रविवारी मी अर्ज मागितला. मुलगी हसली नाही. तिने विचारले, "आजोबा, तुमची भीती गेली?" मी म्हटले, नाही. "तिचीही गेलेली नाही," ती म्हणाली आणि अर्ज दिला.

सौभाग्यवतींनी चार अटी घातल्या. देवघर, स्वयंपाकघर, गादी आणि पाहुणे यांपासून कुत्री लांब. मी चारही मान्य केल्या. परवा पाहतो तो जुन्या लुगड्याची एक लहान गोधडी शिवून कोठीच्या खोलीत घातलेली. ती खोली बिनखिडकीची आहे, रस्त्याचा आवाज तिथे कमी येतो. विचारले तर म्हणाल्या, "उरलेलं लुगडं टाकून द्यायचं होतं का?"

मात्र दिवाळीत तिला आणायची नाही असे ठरले आहे. तुळशीचे लग्न होईतो गडावर फटाके थांबत नाहीत. ते झाले की दुसऱ्या दिवशी सकाळची एस. टी. सोडून रिक्षा करायची.

नातवाला हे फोनवर कळवले. यंदा माळ नको, असे त्याने आपणहून सांगितले. मग थोडा वेळ काही बोलला नाही.

"आजोबा, ती मला ओळखेल का हो?"

मी म्हटले, "ओळखेल बहुतेक."

"मग मी तिच्याकडे न बघता बसेन," तो म्हणाला.