तुटलेला ठेका आणि हलगीचे ऋण

गणेशोत्सवाची वर्गणी सुरू झाली की सातारा-सांगली पट्ट्यातील तरुण मंडळांत एक चर्चा हमखास रंगते. यंदा मिरवणुकीत काय वाजवायचे? पुणे-मिरज लोहमार्गावरचे, कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे याच पट्ट्यातले गाव. नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव म्हणून मराठी वाचकाला ते परिचित आहे. अशा गावांतील विशी-बाविशीच्या मुलांची ही चर्चा बाहेरच्या माणसाने कान देऊन ऐकली, तर तो गोंधळून जाईल. हलगी मिक्स, संबळ मिक्स, ढोल मिक्स, ट्रॅप मिक्स, साउंड चेक अशी नावे एकामागून एक येतात. प्रत्येक नावामागे ठाम पसंती असते आणि तितकीच ठाम नापसंतीही असते. एकाला सरळ ठेका हवा असतो; दुसऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो, त्याला मोडून-तोडून वाजणारी लय हवी असते.

प्रशासनाच्या, वृत्तपत्रांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या लेखी मात्र या सगळ्याला एकच नाव आहे. ते म्हणजे ‘डीजे’. डीजे हवा की नको, एवढ्याच एका प्रश्नाभोवती गेली अनेक वर्षे वाद फिरतो आहे. नेमकी येथेच गफलत होते. ज्या गोष्टीतले भेद आपण ओळखत नाही, तिचे नियमनही आपल्याला नीट करता येत नाही आणि तिच्यातील गुणाचे श्रेयही योग्य माणसाला देता येत नाही.

सरळ ठेका, तुटलेला ठेका

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या चाहत्यांना पोटप्रकारांचे वेड असते, अशी टीका जगभर होते. हाउस, ट्रान्स, टेक्नो, जंगल, ड्रम अँड बेस या नावांच्या सीमारेषांवर ते तासन् तास वाद घालतात. पण हे भेद निव्वळ हौसेचे नाहीत. त्यांच्या मुळाशी लयीची रचना आहे. हाउस संगीतात चारही मात्रांवर एकसारखा खर्जातला ठोका पडतो आणि मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके अशी त्याची गती असते. ट्रान्स त्याहून जलद असते, पण ठोका तसाच सरळ. ब्रेकबीटमध्ये हा सरळपणा मोडतो. खर्जाचा ठोका अपेक्षित जागा सोडून मागेपुढे पडतो, मधल्या रिकाम्या जागांत हलके, निसटते आघात भरले जातात आणि ऐकणाऱ्याचे शरीर पुढचा ठोका कोठे पडेल याचा अंदाज घेत राहते. ड्रम अँड बेसमध्ये हीच तुटलेली लय मिनिटाला १६० ते १८० ठोक्यांपर्यंत पोहोचते.

ब्रेकबीट या नावातील ‘ब्रेक’ म्हणजे गाण्यातील ती जागा, जेथे गायक आणि इतर वाद्ये थांबतात आणि तालवाद्य एकटे बोलू लागते. मराठी रसिकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. लावणीत गाणारी थांबते आणि ढोलकीवाला पुढे सरसावतो, तो क्षण आपल्या फडांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्क या तरुणाने एका घरगुती समारंभात हाच क्षण लांबवला. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन फिरत्या यंत्रांवर ठेवून तो तालाचा तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवत असे. हिप-हॉपचा जन्म त्या समारंभात झाला, असे मानले जाते.

पुढे १९८०च्या दशकात ध्वनीचा तुकडा नमुन्यादाखल उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारी यंत्रे स्वस्त झाली आणि तालाचे असे तुकडे जगभर फिरू लागले. लंडनमध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅरिबियन वंशाच्या तरुणांच्या प्रभावाखाली ‘जंगल’ हा प्रकार उभा राहिला, तो याच तुकड्यांवर. त्याच शहरात तालविन सिंग याने तबला आणि ड्रम अँड बेस यांची सांगड घातली. त्याच्या ‘ओके’ या संग्रहाला १९९९ मध्ये ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. मधल्या काळात सरळ ठेक्याच्या संगीताने मोठे महोत्सव व्यापले आणि ब्रेकबीट मागे पडले. गेल्या काही वर्षांत मात्र ब्रिटनमधील नवी पिढी जंगल आणि ब्रेकबीटकडे पुन्हा वळली आहे. जे संगीत त्यांच्या जन्माआधीचे, ते त्यांना आज ताजे वाटते.

आपल्याकडचा प्रवास

या जागतिक कथेत भारताचे आणि विशेषतः पश्चिम किनाऱ्याचे स्थान दुय्यम नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. तेव्हा त्या तबकडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर, पाश्चात्त्य ‘ॲसिड हाउस’शी जुळणारा ध्वनी मुंबईत काही वर्षे आधीच निर्माण झाला होता, हे जगाच्या ध्यानात आले. गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावरील रात्रींनी तर ‘गोवा ट्रान्स’ या नावाने एका पोटप्रकारालाच आपले नाव दिले. २००७ मध्ये गोव्यातच ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाला आणि २०१६ मध्ये तो पुण्याजवळ केसनंदला आला.

मराठी भाषा या दालनात उशिरा आली, पण आली ती दिमाखात. क्रेटेक्स या नावाने ओळखला जाणारा पुण्याचा कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हे गाणे २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले. मराठी शब्द हाउसच्या ठेक्यावर बसू शकतात आणि भाषा न कळणारेही त्यावर नाचतात, हे त्याने सिद्ध केले.

तथापि, ‘तांबडी चामडी’चा ठेका सरळ आहे. मराठी मुलखाचा स्वतःचा ठेका तसा नाही. ताशाची तडतड, संबळाची दुहेरी बोली, धनगरी ढोलाचे झोल आणि सर्वांत ठळक म्हणजे हलगी, या सर्वांची प्रकृती तुटलेल्या ठेक्याची आहे. हलगी वाजवताना एका हातातील जाड काठी मुख्य आघात करते आणि दुसऱ्या हातातील बारीक काडी मधल्या जागा भरते. सोबतीला घुमके आणि कैताळ असते. सातारा-सांगलीच्या कुस्ती मैदानात मल्लांची पकड जसजशी घट्ट होते, तसतशी हलगी चढत जाते आणि प्रेक्षकांचा श्वास तिच्याशी बांधला जातो. ब्रेकबीटचे चाहते ज्या निसटत्या आघातांवर वाद घालतात, ते आघात येथे बांधावरच्या माणसालाही ओळखू येतात. म्हणूनच ‘हलगी मिक्स’ नावाने जे वाजते, ते केवळ अनुकरण नव्हे. एका अर्थाने ते या प्रदेशाचे स्वतःचे ब्रेकबीट आहे.

श्रेय कोणाचे?

येथून पुढचा प्रश्न अवघड आहे. हलगी मिक्स बनवणाऱ्या तरुणाचे नाव ध्वनिफितीवर असते. मंडळाचे नाव असते. साउंड सिस्टिमच्या मालकाचे नाव तर भिंतीएवढ्या अक्षरांत असते. ज्याच्या हातची हलगी त्यात ऐकू येते, त्याचे नाव मात्र बहुधा नसते.

ब्रेकबीटच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. १९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘आमेन, ब्रदर’ या रचनेत ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाचा सुमारे सात सेकंदांचा एकल तुकडा आहे. हा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला आणि जंगल व ड्रम अँड बेस यांचा तर तो कणाच ठरला. कोलमनला त्यातून काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये तो विपन्नावस्थेत मरण पावला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड दिले. अर्थात ती कृतज्ञता होती, हक्क नव्हता.

हलगीच्या बाबतीत गुंतागुंत आणखी खोल आहे. हे वाद्य पश्चिम महाराष्ट्रात प्रामुख्याने मातंग समाजातील वादकांनी जपले. कित्येक गावांत वाजवणे ही कला न मानता गावकीने लादलेले काम मानले गेले आणि ते करणाऱ्याला मानाची जागा मिळाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची कामे नाकारण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच अनुभव होता. वाद्य हातातून खाली ठेवणे हा अनेक घरांसाठी आत्मसन्मानाचा निर्णय होता. तबल्याला घराणी आहेत, उस्ताद-पंडितांच्या पदव्या आहेत. हलगीला यांपैकी काही नाही. अशा स्थितीत हलगीचा नाद मिरवणुकीत लोकप्रिय होणे आणि हलगीवाला अनामिकच राहणे, ही जुनीच विषमता नव्या यंत्रातून वाजवण्यासारखे आहे.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली कलावंत-सादरकर्त्याचा हक्क समाविष्ट झाला आणि वादक त्याच्या व्याख्येत येतो. या हक्काची मुदत ५० वर्षांची आहे. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणासोबत आपले नाव जोडले जावे, हा नैतिक हक्कही त्याला दिला. परंपरागत ठेका कोणा एकाच्या मालकीचा नाही, हे खरे. पण विशिष्ट वादकाने वाजवलेला आणि ध्वनिमुद्रित झालेला तुकडा ही वेगळी गोष्ट आहे. अडचण अशी की हे सारे हक्क लेखी करारावर आणि नोंदीवर उभे राहतात. जत्रेत किंवा कुस्तीच्या फडात भ्रमणध्वनीवर टिपलेल्या हलगीची नोंद कोण ठेवणार?

आवाजाचा प्रश्न

या संगीताची बाजू घेताना त्याने निर्माण केलेल्या त्रासाकडे डोळेझाक करता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात विसर्जन मिरवणुकांच्या वेळी दोन तरुणांचे मृत्यू झाले आणि त्यांचा संबंध ध्वनियंत्रणांच्या दणदणाटाशी जोडला गेला. वृद्ध, आजारी माणसे आणि तान्ही मुले यांचे हाल तर दरवर्षीचे आहेत.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून अस्तित्वात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकास बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या नियमांवर शिक्कामोर्तब केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी सुचवलेली कमाल पातळी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. डेसिबलची मोजपट्टी साध्या बेरजेची नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. आकडा १० ने वाढला की ध्वनिऊर्जा दसपट होते.

नियमांची ही भाषा आकड्यांची आहे आणि ती तशीच असायला हवी. कान कोणत्याही संगीतप्रकाराला सवलत देत नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील मिरवणुकीचा आवाज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय) विद्यार्थी दरवर्षी मोजतात. परंपरेचे नाव घेणारी ढोल-ताशा पथकेही त्या गोंगाटात आपला वाटा उचलतात, हे पुणेकरांना ठाऊक आहे. तेव्हा ‘डीजेबंदी’ ही घोषणा अर्धवट ठरते. बंदी घालायची ती मर्यादेबाहेरच्या आवाजावर, मग तो चामड्याचा असो वा स्पीकरच्या भिंतीचा. उलट, मर्यादेत वाजणारा हलगी मिक्स केवळ यंत्रातून येतो म्हणून त्याज्य ठरवण्याचे कारण नाही.

येथे चाहत्यांनाही एक गोष्ट सांगावी लागेल. तुटलेल्या ठेक्याची सारी गंमत त्याच्या बारकाव्यांत आहे. हलगीच्या बारीक काडीचे आघात मधल्या आणि वरच्या पट्टीत ऐकू येतात. खर्जाच्या स्पीकरांची भिंत पूर्ण ताकदीने सोडली की तेच आघात सर्वांत आधी बुडतात. मग उरतो तो छातीवर आदळणारा दणका. त्यात हलगी मिक्स कोणता आणि ट्रॅप मिक्स कोणता, हा वादच निरर्थक होतो. ज्यांना या प्रकारांतला फरक खरोखर कळतो, त्यांनी आवाज कमी करण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

रहिमतपूरसारख्या गावांत हे अशक्य आहे काय? मंडळांनी ध्वनियंत्रणेच्या भाड्यातील एक हिस्सा प्रत्यक्ष हलगीवादकांच्या मानधनासाठी राखून ठेवणे, ध्वनिमुद्रण करताना वादकाचे नाव व गाव नोंदवणे आणि एका पानाचा साधा करार करणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. मिक्स बनवणाऱ्या तरुणांनी आपल्या नावाशेजारी वादकाचे नाव लिहिले, तरी एक पाऊल पुढे पडेल. वादकाच्या पुढच्या पिढीला हे वाद्य हाती घ्यावेसे वाटायचे असेल, तर त्यात दाम हवा आणि त्याआधी मान हवा.

ब्रेकबीटचे पुनरागमन ही जगाच्या दृष्टीने अभिरुचीतील एक लाट आहे. ती येईल आणि ओसरेल. सातारा-सांगलीच्या मातीत तो ठेका कधी गेलाच नव्हता. तो वाजवणाऱ्याचे नाव तेवढे कोणी विचारले नव्हते. वर्गणीच्या बैठकीत यंदा काय वाजवायचे हे ठरवताना, कोण वाजवते हेही विचारले गेले, तर तरुणांच्या त्या चर्चेला आज नसलेली प्रतिष्ठा प्राप्त होईल.