क्रिएटिन : पुरावा किती, गवगवा किती

मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली मांसाच्या अर्कातून वेगळे काढलेले क्रिएटिन आपल्या शरीरात नित्य तयार होतच असते, आणि वजन उचलताना वा शंभर मीटर धावताना स्नायूंत खर्ची पडलेल्या शक्तीची तत्काळ भरपाई करण्याचे काम त्याच्याकडे असते. ते पोटात घेतल्याने स्नायूंतील साठा वाढतो, हे १९९२ साली रॉजर हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. नियमित व्यायामाच्या जोडीने रोज ३ ते ५ ग्रॅम साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतल्यास बळात माफक वाढ होते, हा निष्कर्ष त्यानंतरच्या परीक्षणांनी वारंवार कायम केला आहे.

परंतु एवढ्याच पुराव्याच्या सनदेवर जाहिरातदारांनी जी जहागीर बळकावली आहे, तिला माझी सक्त हरकत आहे. पहिल्या आठवड्यात व्यायामशाळेच्या काट्यावर वाढलेले किलोभर वजन बहुतांशी पाण्याचे असताना ते मांस म्हणून खपविणे, आणि मोनोहायड्रेटवर ज्यांची सरशी सिद्ध झालेली नाही असे ‘सुधारित’ प्रकार दामदुपटीने विकणे, ही तुटपुंज्या पगारातून क्रिएटिनचा डबा घेणाऱ्या तरुणाची उघड फसवणूक होय.

निरोगी मूत्रपिंडे क्रिएटिनने निकामी होतात, ही भीतीही निराधारच; क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन बनत असल्याने रक्ततपासणीत त्याचा आकडा किंचित चढतो, म्हणून आपण काय घेतो हे डॉक्टरांच्या कानावर आधी घालावे. ज्याला मूत्रपिंडाचा विकार पूर्वीपासून आहे, त्याने मात्र त्यांच्या सल्ल्यावाचून या डब्याला हातही लावू नये.