शिशाचे शिपाई आणि असईचे मैदान

मुले मातीच्या शिपायांशी खेळू लागली म्हणजे कित्येक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पोर अभ्यास सोडून वेळ दवडीत आहे, असा त्यांचा ग्रह होतो. मला तो मान्य नाही.

एच. जी. वेल्स या प्रख्यात इंग्रज ग्रंथकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. तरीही हा खेळ पुष्कळ वर्षे थोड्या हौशी माणसांपुरताच राहिला; एकाला दुसऱ्याचा पत्ता नसे. पुढे कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रबी या गृहस्थाने स्वतः शिपाई ओतून विकण्यास आरंभ केला आणि १९५७ साली ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक काढले. १९६२ साली इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांनी ‘वॉरगेमर्स न्यूजलेटर’ सुरू केले. अंक लहानसे, लेखक बहुधा वाचकच; परंतु विखुरलेले खेळगडी त्यांमुळे एकत्र आले व शिपायांना गिऱ्हाईक मिळाले.

आपली मुले दिवाळीत किल्ले बांधतात, मावळे मांडतात. चार दिवसांनी सारे मोडते आणि त्याची एक ओळही कोठे उरत नाही. याचे मला फार वाईट वाटते.

विद्यार्थिमित्रहो, असई आपल्याच जाफराबाद तालुक्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी जनरल वेलस्लीची गाठ पडली. केळना नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीने दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली व उतार असलाच पाहिजे, असे ताडले. तो खरा ठरला. शिंद्यांच्या कवायती पलटणींनीही तत्काळ तोंड फिरवून नवी फळी धरली, हे आपण सहसा सांगत नाही.

हे मैदान काळ्या मातीत उभारा; केळना व जुई या नद्यांचा संगम काढा; आणि कोणी कोठे चूक केली ते हस्तलिखित मासिकात लिहा. युद्धाचा खेळ करू नये, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे या खेळाने कळते, असे वेल्सनेच त्या पुस्तकात लिहिले आहे. असईस जिंकणाऱ्या पक्षाचीच पंधराशेंहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. तितके शिपाई मातीचे वळावयास बसा. किती दिवस लागले, तेही मासिकात नोंदवा.