कॉलवर आधी डाव मांडा

आर्वी, हिंगणघाट, देवळी, पुलगाव इथली मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला गेली आणि रविवारचा व्हिडिओ कॉल वर्धा जिल्ह्यातल्या अनेक घरांचा ठरलेला कार्यक्रम झाला. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला जायचं तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, त्यामुळे दिवाळी ते उन्हाळा या मधल्या काळात भेट होते ती फोनवरच. या कॉलचा क्रमही ठरून गेला आहे. जेवण झालं का, पाऊस कसा आहे, कापसाला काय भाव मिळाला, आणि मग कोणीतरी फोन फिरवून एकेकाचा चेहरा दाखवतं. पाच-सात मिनिटांत विषय संपतात. मग आपण एकमेकांना दोष देतो: मुलांना घराची ओढ राहिली नाही, म्हाताऱ्यांना फोन वापरता येत नाही. मला हे निदान चुकीचं वाटतं. अडचण कॉलच्या घडणीत आहे आणि तिच्यावरचा उपाय आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आठवड्याच्या कॉलवर गप्पांच्या आधी एक खेळ खेळावा. तो ॲपमधला नसावा. आळीपाळीनं, तोंडी किंवा कागद-पेनावर खेळायचा असावा.

आधी अडचण समजून घेऊ. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात जेमतेम क्षणाची फट असते. जगातल्या १० भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही फट सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा निघाली. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायलाच वेळ लागतो. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झूमवरची संभाषणं मोजली, तेव्हा प्रत्यक्षातली सुमारे १३५ मिलिसेकंदांची फट कॉलवर सुमारे ४८७ पर्यंत गेलेली दिसली. हा फरक छोटा वाटतो, पण बोलण्याचा ताल त्यानं मोडतो. दोघं एकदम सुरू होतात, दोघं एकदम थांबतात, ‘बोल, तू बोल’ होतं आणि मुद्दा निसटतो. त्यात संख्येची भर पडते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात व्हॉट्सॲपनं गटकॉलची मर्यादा ४ वरून ८ वर नेली, पुढे ती ३२ झाली. माणसाची मर्यादा मात्र तिथेच आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या १९९५ च्या अभ्यासात मोकळ्या गप्पांचे गट साधारण चार जणांपर्यंतच टिकताना दिसले; पाचवा आला की गट फुटून दोन होतात. ओसरीवर हे सहज घडतं, एका बाजूला बायका बोलतात, दुसऱ्या बाजूला भावंडं. कॉलवर फुटायला जागाच नसते. सगळ्यांना एकाच वेळी एकच बोलणं ऐकावं लागतं. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा कॉल होतो. आजी, ऐकू कमी येणारे आजोबा, सातवीतली लाजरी मुलगी आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून यांच्या वाट्याला हसून हात हलवणं उरतं.

खेळाचा उपयोग नेमका इथे होतो. ‘आता तुझा नंबर’ हे वाक्य प्रत्येक खेळाच्या नियमातच असतं. कॉलनं हिरावलेला बोलण्याचा क्रम तो नियम परत आणून देतो. नंबर आला की आजीसाठी सगळे थांबतात, आणि उशिरा पोचणाऱ्या आवाजानं काही बिघडत नाही, कारण वाट पाहणं हा खेळाचाच भाग असतो. म्हणून खेळ निवडायची कसोटी सोपी आहे: एका वेळी एकानंच आवाज करायचा असेल तो खेळ कॉलवर चालतो, सगळ्यांनी एकसुरात काही करायचं असेल तो कोसळतो. बिल्लस आणि रेसटीप अंगणातच राहणार हे उघड आहे. गाण्याच्या भेंड्या चालतात, पण संघानं मिळून गायलं की आवाजांची खिचडी होते. म्हणून एकानं गावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवावा आणि वेळ संपत आल्याचं बोटांनी दाखवावं. दमशेराज तर जणू कॉलसाठीच घडलेला आहे. त्यात चित्र हवं, आवाज नको. ज्यांना ऐकू कमी येतं ते या खेळात इतरांच्या बरोबरीनं उतरतात. हाऊजीला १ ते ९० आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि वहीच्या पानावर आखलेलं तीन ओळींचं, पंधरा आकड्यांचं तिकीट पुरतं. पैसे लावायची गरज नाही.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा खेळ नाव-गाव-फळ-फूल. अक्षर आलं ‘स’, तर पुण्यातल्या नातवाला सातारा सुचेल आणि आजोबा सेलू, सेवाग्राम, समुद्रपूर अशी रांग लावतील. दोघांनी एकच नाव लिहिलं तर पाच गुण, वेगळं लिहिलं तर दहा, असा हिशेब असल्यानं जो आडवळणाचं गाव सांगेल तो जिंकतो. मग वाद होतो: असं गाव आहेच कुठं? आजोबांना ते कोणत्या रस्त्यावर आहे, तिथं कोण नातेवाईक राहतात, हे सांगावं लागतं. ‘आजोबांशी बोल’ अशी सक्ती करून जे कधी साधलं नसतं, ते एका अक्षरानं साधतं. भुलाबाईच्या दिवसांत डबा वाजवून आतला खाऊ ओळखण्याची आपली रीत आहे, तीही कॉलवर नेता येते. फक्त डबा हलवून दाखवण्यात अर्थ नाही, कारण कॉलची यंत्रणा खडखडाट हा गोंगाट समजून गाळून टाकते. त्याऐवजी ‘तळलेलं आहे का, गोड आहे का’ असे हो-नाहीचे प्रश्न आळीपाळीनं विचारायचे. भुलाबाईची गाणी गाणाऱ्या बायका आता वेगवेगळ्या शहरांत विखुरल्या आहेत. त्यांच्यासाठी कोजागिरीपर्यंतचे ते दिवस पुन्हा एकत्र यायचं निमित्त होऊ शकतात.

यावर पहिला आक्षेप असा की लुडो किंग किंवा चित्र काढून शब्द ओळखायचे खेळ फोनवर तयार असताना कागद-पेनाचा खटाटोप कशाला? एकाच वयाच्या चुलत-मावस भावंडांसाठी ते खेळ चांगलेच आहेत. पण तीन पिढ्यांच्या कॉलवर ते अडतात. खेळ उघडला की चेहरे मागे जातात आणि सगळे सोंगट्यांकडे बघू लागतात. शिवाय गावाकडच्या घरात चार-पाच जण मिळून एकाच फोनसमोर बसलेले असतात. प्रत्येकाकडे वेगळा फोन, त्यात ॲप आणि ते चालवण्याची सवय, ही अट घातली की पहिल्याच फेरीत आजी बाद होते. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची जी मांडणी पुढे आली, तिचा गाभा हातानं करत, भोवतालच्या वस्तूंतून शिकण्याचा होता. खेळ निवडताना तीच दृष्टी उपयोगी पडते. घरात जे आहे आणि सगळ्यांना जे जमतं, त्यातूनच खेळ उभा करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. गावं पडद्यापासून सुटायला धडपडत असताना मी पडद्यावरचा वेळ वाढवायला सांगतो आहे का? मला त्या गावाबद्दल आदर आहे आणि माझं मागणं त्याच्या विरोधात जात नाही. तिथे लढाई आहे ती एकेकट्यानं, अंत नसलेल्या पडद्यात बुडण्याशी. नाव-गाव-फळ-फूल खेळताना फोन डब्याला टेकवून ठेवलेला असतो, नजर कागदावर आणि माणसांवर असते, आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्या की खेळ संपतो. झूमवर फुकट गटकॉलला असलेली ४० मिनिटांची मर्यादा मला या बाबतीत सोयीचीच वाटते.

तिसरा आक्षेप मनातला असतो: हे कृत्रिम आहे, ज्यांना बोलायचं ते बोलतील, मोठ्या माणसांना खेळायला काय लावता? सणवार तरी काय, कोणीतरी ठरवल्याशिवाय होत नाहीत. आणि खेळानं गप्पा मरत नाहीत, उलट त्यांना तोंड फुटतं. ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला परगावच्या मुलाचं उत्तर ‘बरं चाललंय’ एवढंच असतं. डाव हरल्यावर, हसून झाल्यावर, तोच मुलगा खोली बदलल्याचं किंवा नोकरीतली धास्ती सांगण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. खेळ संध्याकाळी सातला ठेवला तर घरातल्या बायका पोळ्या लाटत राहतील आणि बाकीचे खेळतील. म्हणून वेळ त्यांना विचारून ठरवावी. त्या बसल्याशिवाय डाव सुरू करू नये.

सुरुवात छोटी करावी. या रविवारी एकच खेळ, अर्धा तास, फार तर सात-आठ जण. खेळ चालवण्याचं काम दर आठवड्याला दुसऱ्याकडे, आणि पहिला मान घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला. कोणाची रेंज गेली तर त्याचा नंबर राखून ठेवायचा, बाद करायचं नाही. गुणांची वही मात्र गावाकडच्याच घरात असावी, म्हणजे पुढच्या रविवारी कॉल लावायची घाई दोन्हीकडे असेल. परगावी राहणाऱ्यांना माझी खास विनंती आहे. घरचे आपल्याला बोलावतील याची वाट पाहू नका. फोन लावा, कागद-पेन घ्यायला सांगा आणि पहिलं अक्षर आजीला निवडू द्या.