बेरियम तपासणी आणि आपली चिठ्ठी

अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांची अम्लपित्ताची तक्रार आपणांस नित्याची आहे. परंतु गिळण्यास त्रास, वजन घटणे वा वारंवार वांती ही लक्षणे असता केवळ औषधयोजनेवर विसंबणे उचित नव्हे. आज एंडोस्कोपीस अग्रक्रम असला, तरी अन्ननलिकेची गती व लहान आतड्याचा संकोच पाहण्यास बेरियमची क्ष-किरण तपासणी उपयुक्त ठरते. बेरियम सल्फेट अविद्राव्य असल्याने शोषले जात नाही. मात्र छिद्राची शंका असल्यास ते वर्ज्य. धातुयुक्त भस्मांची सावली क्ष-किरणचित्रात उमटू शकते. म्हणून वैद्यांनी चिठ्ठीत व औषधविक्रेत्यांनी बिलावर त्यांची नावे स्पष्ट लिहावीत. आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा चरकसंहितेचाच दंडक आहे.