डांबरालाही उसंत हवी



जड गाडी गेली की डांबरी रस्ता किंचित वाकतो. असे पुन्हा पुन्हा वाकून त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. मात्र दोन गाड्यांच्या मध्ये उसंत मिळाली आणि ऊन तापले, की डांबर मऊ होते व यातल्या काही भेगा आपोआप सांधतात. नेदरलँड्समध्ये २०१० साली ए-५८ महामार्गाच्या ४०० मीटर पट्ट्यात डांबरात पोलादी तंतू मिसळले. वरून विद्युतचुंबकीय यंत्र फिरवले की ते तंतू तापतात आणि भेगा मिटतात.

आपल्या गावरस्त्यात असे तंतू नाहीत. तिथे भेगेत माती-पाणी शिरले की सांधा जुळत नाही. त्यातून भार जादा! अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या चाचण्यांवरून बसवलेला ठोकताळा असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते.

म्हणून उसाची ट्रॉली बेताने भरा. शेताचे पाणी रस्त्यावर सोडू नका. कडेचे चर पावसाळ्याआधी मोकळे करा. रस्ता टिकला, तरच दूध वेळेवर डेअरीत पोचेल आणि अडल्या वेळी बाळंतीण दवाखान्यात.